चारही पर्याय एकाच आवाजात

"ताई, माझ्या पेपरात एखादं तरी उत्तर तुझं होतं का?"

धाकट्याने हे विचारलं तेव्हा थोरली एका कोटाची काजं करत होती. तिची सुई कापडात अर्ध्यावरच राहिली. पलीकडे टेबलावर बाबांची कात्री चालू होती, तीही थांबली. पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत घर, अशी ती जागा. तिथे कुणी हळू बोललं तरी सगळ्यांना ऐकू जायचं. आणि धाकटा काही हळू बोलला नव्हता.

थोरलीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली असेल. पण त्याचा चेहरा तिच्याकडे वळलेला होता. लहानपणी तापात त्याची नजर गेली, तेव्हापासून तो असाच सगळ्या अंगाने ऐकायचा.

"म्हणजे काय?" तिने विचारलं.

"म्हणजे मी एक सांगितलं आणि तू दुसरंच वर्तुळ काळं केलंस, असं कधी झालं का? माझ्या भल्यासाठी म्हणून?"

गोष्ट अशी झाली होती. कायद्याच्या महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत धाकटा फार वरच्या क्रमांकाने पास झाला होता. दुकानात येणारं गिऱ्हाईक माप द्यायच्या आधी त्याचं अभिनंदन करत होतं. आणि अचानक परीक्षा कार्यालयातून बोलावणं आलं. त्याच वर्गात बसलेल्या एका मुलाच्या वडिलांनी तक्रार केली होती. या आंधळ्या मुलाची लेखनिक त्याची सख्खी बहीण आहे, पेपर त्याचा नसून तिचा आहे. चौकशी होईपर्यंत त्याचा निकाल राखून ठेवला होता. चौकशी परवावर आली होती.

थोरली सरळ 'नाही' म्हणू शकली असती. एका शब्दाचं काम होतं. पण ज्याच्यासाठी... छे, ते तिने कधी मनातसुद्धा पूर्ण म्हटलं नव्हतं. त्याला हा प्रश्न पडावा, याचंच तिच्या काळजाला लागलं. तिने एवढंच विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला काही कळेनासं झालंय," तो म्हणाला. "तो माणूस म्हणतो, सख्खी बहीण डोळ्यांदेखत भावाचं चुकीचं उत्तर कशी लिहील? आणि ताई, मला त्याचं म्हणणं पटलं. तेव्हापासून वाटतंय, मी आजवर जे जे पास झालो, त्यातलं माझं काय आणि..."

तेवढ्यात बाबाच म्हणाले, "अरे, ती कसली उत्तरं घालतेय! तिची शालान्तसुद्धा झालेली नाही. अर्धवट आहे ती. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मग बदलणार काय, कप्पाळ?"

बाबा तिची बाजू घेत होते. म्हणूनच ते जास्त झोंबलं. थोरलीने मान खाली घातली आणि अडकलेली सुई ओढून घेतली.

हे लेखनिकाचं काम आधी तिच्या आईचं होतं. धाकट्याच्या शाळेत तोंडी परीक्षा संपून लेखी सुरू झाली, तेव्हा त्याचा पेपर लिहायला आई जाऊ लागली. लेखनिकाने प्रश्न वाचून दाखवायचा, मुलगा सांगेल ते लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आई फार शिकलेली नव्हती, पण एक गोष्ट पहिल्याच परीक्षेत तिच्या लक्षात आली. चार पर्याय वाचताना बरोबर उत्तरापाशी आपला आवाज आपोआप चढतो, आणि आंधळं पोर ते बरोबर टिपतं. घरी आल्यावर आईने धाकट्याला विचारलं, तुला उत्तर येत होतं की माझ्या आवाजावरून कळलं? तो हसला. तशी आई गंभीर झाली. "असं पास झालास तर ते तुझं नाही, माझं झालं," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिने आवाजाला वळण लावायला घेतलं. चारही पर्याय एकाच आवाजात, एकाच वेगाने, वाण्याकडच्या यादीतले चार जिन्नस वाचावेत तसे. स्वयंपाक करताना ती सराव करायची आणि थोरलीला ऐकायला बसवायची. "कुठे चढला ग आवाज?" थोरली चूक काढायची. ऐकता ऐकता तो आवाज तिच्याही गळ्यात उतरला. धाकटा त्याला 'पाटीसारखा आवाज' म्हणायचा, कारण त्यावर हात फिरवला तरी कुठे उंचवटा लागत नाही.

मग आई आजारी पडली आणि गेली.

त्या वर्षी थोरली शालान्त परीक्षेला बसायची होती. वर्गात पहिली यायची ती. बाई तिला म्हणायच्या, तू शिक्षिका हो, तुझा आवाज मुलं ऐकतील. आणि परीक्षेच्या तोंडावर तिने लेखनिकांचा नियम पहिल्यांदा नीट वाचला. लेखनिक शालान्त परीक्षा उत्तीर्ण नसावा. शाळेच्या, महाविद्यालयाच्या, प्रवेशाच्या, सगळ्याच परीक्षांना तोच नियम. आईच्या बाबतीत कधी प्रश्नच आला नव्हता. पण थोरली पास झाली असती तर धाकट्याला पुढे कुणीतरी परका लेखनिक मिळाला असता... घाईत वाचणारा, कंटाळणारा, नाहीतर दया येऊन उत्तर सुचवणारा. आई नसलेल्या त्या पोराला तेव्हा रात्रंदिवस एकाच आवाजाचा आधार उरला होता. आईचा आवाज आता थोरलीच्या गळ्यात होता, दुसरीकडे कुठेच नव्हता.

परीक्षेच्या दिवशी ती दप्तर घेऊन घरातून निघाली आणि वाचनालयाच्या बाकावर बसून राहिली. घरी येऊन म्हणाली, मला नाही शिकायचं, माझं मन लागत नाही.

बाबा आधीच बायकोच्या दुःखाने मोडलेले. त्यांनी आकांडतांडव केलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी तो शब्द बसला. गिऱ्हाईक विचारायचं, मुलगी काय करते? बाबा म्हणायचे, ती आमची अर्धवट, काजं करते. आत्या आली की डोळे मिचकावून म्हणायची, "बाई ग, काज अर्धवट नको सोडूस हो, बटण पडेल!" सगळे हसायचे. थोरलीही हसायची. आणि दुपारी धाकट्याची पुस्तकं त्याला वाचून दाखवायची, एक संपलं की दुसरं. तो एकदा ऐकून लक्षात ठेवायचा. ती वाचता वाचता शिकत होती, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. पलीकडे परीक्षा कार्यालयाच्या अधिकारी बाई बसल्या होत्या, समोर धाकट्याची उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका. एका बाजूला तक्रार करणारे गृहस्थ. माणूस काही वाईट नव्हता. त्याच्या मुलाचा प्रवेश थोडक्यात हुकला होता आणि तो बरेच दिवस झोपला नसावा, असं त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

त्याने आपलं म्हणणं सांगितलं. पोरगं हुशार असेल, मी नाही म्हणत नाही. पण रक्त ते रक्त. भावाच्या हातून चूक होतेय आणि बहीण शांतपणे ती चूक लिहून घेतेय, असं जगात कुठे घडतं का? बाई ऐकत होत्या. मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं.

"तुम्हाला या विषयांमधलं काही कळतं?"

हो म्हणावं, तर लेखनिकाला विषय येत होता असं ठरणार, तक्रार खरी होणार आणि धाकट्याचा निकाल रद्द. वर्षंच्या वर्षं वाचलेली सगळी पुस्तकं पाण्यात. नाही म्हणावं, तर धाकट्याच्या मनातली शंका तशीच राहणार, आणि चारचौघांत आपल्या अर्धवटपणावर आपणच शिक्का मारणार. तिने फार वेळ घेतला नाही. स्वतःला खाली घ्यायची तिला सवय झाली होती.

"नाही," ती म्हणाली. "मला काही येत नाही. तो सांगतो, मी लिहिते."

बाबांनी मान हलवली. आणि धाकट्याने मान वर केली.

"बाई," तो म्हणाला, "ताई खोटं बोलतेय."

बाबांनी त्याची बाही ओढली. तक्रारदार गृहस्थही खुर्चीत पुढे सरकले. थोरलीच्या मनात आलं, आपलाच भाऊ आपल्याविरुद्ध...

पण धाकटा उभा राहिला होता. "मी या आवाजावर वाढलोय, बाई. ताई माझ्याशी भांडते तेव्हा तिचा आवाज वर जातो, हसते तेव्हा फुटतो. तो असा पाटीसारखा सपाट एकाच वेळी होतो. तिला उत्तर ठाऊक असतं आणि सांगायचं नसतं, तेव्हा. तिला सगळं येतं. माझे जे प्रश्न चुकलेत ना, ते तिला विचारा. माझा निकाल राहो नाहीतर जावो, पण हे विचारा."

"असं काही करू नका!" थोरली पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "बाई, त्याचं वर्ष जाईल."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लेखनिकाने कुठली परीक्षा पास केलेली नसावी, एवढंच नियमात आहे," त्या म्हणाल्या. "त्याला काय येऊ नये, ते कुणीच लिहिलेलं नाही. न घाबरता बोला."

आणि त्यांनी उत्तरपत्रिकेतला एक चुकलेला प्रश्न वाचला. एका नळाने टाकी चार तासांत भरते, दुसऱ्या नळाने भरलेली टाकी सहा तासांत रिकामी होते. दोन्ही नळ एकदम सोडले, तर रिकामी टाकी किती वेळात भरेल?

थोरलीला तो प्रश्न चांगला आठवत होता. परीक्षेत तो वाचताना 'रिकामी' या शब्दावर थोडा जोर द्यावा, असं तिच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. तेवढ्याने धाकटा सावध झाला असता. पण तिने दिला नव्हता. धाकट्याने घाईत दोन्ही नळ भरणारे धरले आणि उत्तर सांगितलं. तिची पेन्सिल वर्तुळावर क्षणभर थांबली होती. 'पुढे जाऊ?' एवढंच विचारायची मुभा होती, तेवढंच तिने विचारलं होतं, त्याच सपाट आवाजात. तो हो म्हणाला, आणि तिने डोळ्यांतलं पाणी परतवून चुकीचं वर्तुळ काळं केलं होतं, नीट, कडेला कुठे पांढरं राहू न देता.

"बारा तास," ती आता म्हणाली.

बाईंनी दुसरा चुकलेला प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. तिसरा विचारला, उताऱ्यावरचा, लांबलचक. तिने तेही बरोबर सांगितलं, आणि का बरोबर तेही.

"टाकीच्या प्रश्नाचं उत्तर 'ड' आहे, हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं?"

"हो."

"मग इथे 'अ' का काळं केलंत?"

थोरलीला प्रश्नच कळला नाही, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. यात विचारण्यासारखं काय आहे?

"तो 'अ' म्हणाला," ती म्हणाली.

बाईंनी उत्तरपत्रिका मिटली. मग तक्रारदार गृहस्थ उठले, आणि थोरलीकडे बघत म्हणाले, "माझ्या मुलासाठी मी असतो ना तिथे... माझ्या हातून हे झालं नसतं." आणि आपली तक्रार मागे घेत असल्याचं सांगून ते बाहेर गेले.

धाकट्याचा निकाल कायम राहिला. तो खुर्चीत बसला होता आणि दोन्ही तळहात चेहऱ्यावर दाबून धरले होते. त्याच्या चुका त्याला परत मिळाल्या होत्या. चुका त्याच्या होत्या, म्हणजे बाकीचं सगळंही त्याचंच होतं.

निघता निघता बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "इतकं येतं तुम्हाला, मग शालान्तला का नाही बसलात?"

"अभ्यासात मन लागलं नाही," थोरली म्हणाली.

या वेळी तो आवाज बाबांनीही ओळखला. आयुष्यभर कापड बोटांनी ओळखणारा माणूस, आवाजाच्या भानगडीत कधी पडला नव्हता. पण हा आवाज त्यांच्या बायकोचा होता. आजारपणात 'दुखतंय का?' विचारलं की ती याच आवाजात 'नाही' म्हणायची, आणि ते दर वेळी फसायचे. ते दाराशीच थांबले.

धाकटा पुटपुटला, "लेखनिक शालान्त परीक्षा उत्तीर्ण नसावा..." नियम त्यालाही पाठ होता. आजवर तो त्याने आपल्या बाजूनेच ऐकला होता.

जिन्यापर्यंत तिघं चालत आले, आणि तिथे बाबा पायरीवर बसले. लोक बाजूने चढत-उतरत होते. थोरली घाबरून त्यांच्याजवळ बसली, तर त्यांनी तिचा हात धरला, सुईने खरबरीत झालेला, आणि तो सोडेनात.

"मी तुला चारचौघांत अर्धवट म्हणत आलो," ते म्हणाले. "तुझ्या आईपाठोपाठ एवढी वर्षं... रोज म्हटलं. तू एकदा तरी तोंड उघडायचंस ग पोरी."

"तोंड उघडलं असतं तर तुम्ही मला परीक्षेला बसवलं असतं, बाबा."

बाबा रडायला लागले. बायको गेली तेव्हाही ते असे उघड्यावर रडले नव्हते. "ती गेली तेव्हा मला वाटलं, या घराला धरून ठेवणारं आता कुणी नाही," ते म्हणाले. "समोर बसून काजं करत होतीस आणि मला दिसली नाहीस. आंधळा याला म्हणतात लोक..."

धाकटा जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता. तो वाकला, हाताने चाचपून त्याने बहिणीचं डोकं शोधलं आणि त्यावर आपलं कपाळ टेकलं. माफी मागायला त्याने तोंड उघडलं होतं, पण थोरलीने त्याला बोलू दिलं नाही. तिने एवढंच म्हटलं, की दुसरा नळ टाकी रिकामी करणारा होता, पुढच्या वेळी घाई करू नकोस. तो हसला, आणि रडत रडत हसला.

"पुढच्या वेळी तू नसशील, ताई," तो म्हणाला. "महाविद्यालयात मला दुसरं कुणी वाचून दाखवेल. तुझा शालान्तचा अर्ज आजच भरायचा."

थोरली नाही म्हणत होती. परकं माणूस कसं वाचेल, आवाज कसा असेल, हीच काळजी. पण बाप-लेकांनी तिचं ऐकलं नाही. महाविद्यालयाने एक वाचक मुलगी दिली. धाकट्याने घरी येऊन सांगितलं, ती फारच जीव ओतून वाचते, खुनाचा खटला वाचताना तिला हुंदका आला, न्यायाधीशाच्या आधी तिनेच आरोपीला सोडून दिलं! आता तो तिला आईचा वाण्याच्या यादीचा सराव देत होता.

थोरलीच्या तयारीत गणिताची, व्याकरणाची काही अडचण नव्हती. अडचण आली ती निबंधात. 'तुमचं मत लिहा' असं आलं की तिने लिहिलेलं ऐकून धाकटा म्हणायचा, "हे माझं मत झालं, ताई. मीच तुला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तुझं कुठेय?" ती कोऱ्या कागदाकडे बघत बसायची. इतकी वर्षं दुसऱ्याचं ऐकून लिहिणाऱ्या हाताला स्वतःचं ऐकायला वेळ लागला. पण हळूहळू मतं यायला लागली, आणि आली ती अशी ठाम की बाबा एकदा म्हणाले, बाई ग, जरा दमानं, परीक्षकाला पण जगू दे. कुणी गिऱ्हाईक आलं की ते आता स्वतःहून सांगायचे, माझी मुलगी परीक्षेला बसतेय. कोटाचं माप घेता घेता सांगायचे, आणि माप चुकायचं.

परीक्षेच्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, पर्यवेक्षिका आल्या. ती एका बाकावर जाऊन बसली, गुडघे कसेबसे आत घेतले, तेव्हा शेजारची मुलगी फिसकन हसली आणि मग आपली जास्तीची पेन्सिल तिच्यापुढे ठेवून म्हणाली, "घ्या काकू, लागली तर."

घंटा झाली. प्रश्नपत्रिका आली. थोरलीने पहिला प्रश्न मनात वाचला. मग चारही पर्याय वाचले, अ, ब, क, ड, कुठेही न चढता, न उतरता. आणि पेन्सिल हातात धरून ती थांबली.

बाकीच्या मुलांची पानं उलटू लागली. ती तशीच बसून होती. पर्यवेक्षिका फिरत फिरत तिच्या बाकाशी आल्या, वाकून हळूच म्हणाल्या, "काही अडलंय का?"

थोरली भानावर आली. ती उत्तराची वाट बघत होती. कुणीतरी सांगेल आणि मग आपण लिहायचं, म्हणून.

"नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, हसरा झाला, एका शब्दात दोनदा फुटला. "नाही बाई. मला येतंय."

तिने पहिलं वर्तुळ काळं केलं.

बाहेर फाटकाशी मुलांच्या आई-वडिलांची गर्दी होती. धाकटा सुट्टी घेऊन आला होता, आणि बाबांनी दुकान बंद ठेवलं होतं. कुणी पालक सहज बोलायला म्हणून बाबांना विचारत होते, तुमचा मुलगा आहे का आत?

"मुलगी," बाबा म्हणाले. "थोरली."